जुन्या बीटलच्या पोटाला फवारणी करायची आहे: डांबर, मेण की आणखी काही?

दुसरा_गिअर:

नमस्कार मंडळी. वडिलांची १९७० सालची फोक्सवॅगन बीटल आता माझ्याकडे आली आहे. त्यांनी ती जिवापाड जपली, पण शेवटची चारेक वर्षं ती ताडपत्रीखाली उभीच होती. इंजिन साफ करून घेतलं, ब्रेकचं काम झालं, गाडी चालते. आता गाडीच्या पोटाकडे वळलो आणि तिथेच अडकलो.

रविवारी गाडी स्टँडवर चढवून टॉर्च घेऊन खाली शिरलो. सगळीकडे काळा, रबरासारखा जाड थर. लांबून बघितलं तर अगदी शाबूत. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. पुढे टणटण आवाज येत होता. उजवीकडे मागच्या सीटखाली आलो तसा आवाज एकदम बद्द झाला. नखाने थराची कड उचलली तर तळहाताएवढा पोपडा सहज सुटून हातात आला. त्याच्या आतल्या अंगाला तपकिरी भुगा चिकटलेला होता, आणि तो भुगा ओला होता. तीन आठवड्यांत गाडीवर पाण्याचा थेंब पडलेला नाही, तरी त्या जागेवरून माझ्या मनगटावर थेंब पडला.

एका वर्कशॉपमध्ये दाखवलं. ते म्हणाले, खालून पाणी मारतो, वाळवतो, वरून नवीन काळं कोटिंग फवारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. ऐकायला बरं वाटलं, पण तो थेंब डोक्यातून जात नाहीये. जुन्या थरावर नवा थर मारणं बरोबर आहे का? आणि नसेल तर मग काय फवारायचं? कोणी डांबर म्हणतं, कोणी मेण, कोणी लोकरीच्या चरबीपासून केलेलं काहीतरी म्हणतं. घाई नाही. गाडी मुलीला द्यायची आहे, ती आता नऊ वर्षांची आहे. त्या हिशेबाने सांगा.

---

दहा_अकरा:

त्या वर्कशॉपला नम्रपणे नाही म्हणा. आजच म्हणा.

तुमच्या मनगटावर पडलेल्या थेंबातच सगळं उत्तर आहे. लोखंड गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मीठ असेल तर काम आणखी झपाट्याने होतं, कारण खारट पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. नवा असताना तो काळा थर पाणी बाहेर ठेवत होता. पण डांबराचा थर जसजसा जुना होतो तसतसा त्यातला तेलकटपणा जातो, तो कडक होतो, आणि गाडीचा पत्रा हलताना त्याच्यासारखा हलत नाही. केसाएवढी भेग पडते. भेगेतून पाणी आत शिरतं आणि थर व पत्रा यांच्या मध्ये पसरतं. आत शिरायला त्याला आठवडे लागत नाहीत, बाहेर पडायला मात्र वाटच नसते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं, त्यामुळे तो थराला आतून वर ढकलतो, पोकळी मोठी होते, आणखी पाणी मावतं. ज्याने पत्रा वाचवायचा तोच थर आता पत्र्याला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतोय.

याच्यावर नवा थर मारला की ती भेग बुजेल आणि ओल आत कोंडली जाईल. दिसेल छान. दोन वर्षांनी सीट उचलाल तेव्हा खालची जमीन दिसेल.

आणि बद्द आवाज उजवीकडे मागच्या सीटखाली आला यात आश्चर्य नाही. बीटलची बॅटरी तिथेच असते. वर्षानुवर्षं बॅटरीचं आम्ल सांडतं, वाफ बसते, तिथला पत्रा आतून खाल्ला जातो. तुम्हाला खालून दिसतंय ते बहुतेक वरून सुरू झालेलं असणार. आधी सीट काढा, बॅटरी काढा, खालची चटई उचला आणि फोटो टाका.

---

स्टेपनी:

+१. सीट काढताना एक बघा. बीटलची मागची सीट स्प्रिंगची असते आणि बॅटरीवर झाकण नसेल तर स्प्रिंग टोकांना टेकून ठिणगी पडते. ते झाकण आहे का बघून घ्या. असं नुकसान झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

---

दुसरा_गिअर:

झाकण नव्हतं! सीट काढली, चटई उचलली. बॅटरीच्या बैठकीच्या कडेने पत्रा चाळणीसारखा झालाय. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. बाकी फ्लोअर मात्र चांगला दिसतोय. मधल्या बोगद्याचा, म्हणजे फ्लोअरच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या पोकळ उंचवट्याचा, पत्रा टणक आहे.

खरं सांगतो, काल रात्री झोप नीट लागली नाही. वडील दर शनिवारी ही गाडी धूत. आणि हे सगळं त्यांच्या पायाखालीच चाललेलं होतं.

---

पत्र्याचा_माणूस:

अहो, यात तुमच्या वडिलांची चूक नाही. तो थर मारला तेव्हा तोच सर्वांत चांगला उपाय समजला जात होता. अमेरिकेत कुर्ट झीबार्ट यांनी १९५९ साली डेट्रॉइटमध्ये गंजरोधक फवारणीचं दुकान काढलं, तेव्हा गाडी घेतल्याबरोबर खालून आणि पोकळ्यांत काहीतरी फवारून घ्यावं ही कल्पनाच नवी होती. बॉडीच्या पत्र्यावर कारखान्यातच जस्त चढवणं तर बरंच नंतर आलं. पोर्शने ९११ ची बॉडी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली ती १९७६ च्या मॉडेलपासून. तुमची १९७० ची गाडी म्हणजे साधा पोलादी पत्रा आणि त्यावर रंग. तिला वडिलांनी इतकी वर्षं टिकवली हीच मोठी गोष्ट आहे.

आता कामाचं. बीटलमध्ये एक सोय आहे जी बऱ्याच जुन्या गाड्यांत नसते: बॉडी आणि फ्लोअर वेगळे आहेत, कडेने बोल्टने जोडलेले. फ्लोअरचे डावे-उजवे भाग मधल्या बोगद्याला वेल्ड केलेले असतात आणि ते अर्धे-अर्धे बदलता येतात. फक्त बॅटरीखालचाच भाग गेला असेल तर तेवढा तुकडा घालता येईल. पण ठोकून बघितल्याशिवाय ठरवू नका. दाराखालच्या लांब पोकळ्या, ज्यांच्यातून हीटरची गरम हवा आत येते त्या हीटर चॅनल, आणि पुढे एक्सल जिथे बसतो तो फ्रेम हेडचा खालचा पत्रा, या दोन जागा बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हीटर चॅनल सडली असेल तर फवारणीचा विषयच नाही, आधी पत्र्याचं काम.

जुना थर काढायचा तर हीट गन आणि रुंद पातं. थर मऊ होईल इतपतच गरम करा, धूर निघाला तर जास्त झालं. फिरता तारेचा ब्रश सुरुवातीला लावू नका, डांबर नुसतं सारवलं जातं आणि ब्रश वाया जातो. खरवडून झाल्यावर उरलेला चिकटा रॉकेलने पुसा, तोही हीट गन बाजूला ठेवून, दारं उघडी टाकून. आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते आधी खडूने खूण करा. बीटलमध्ये ती बोगद्यातून जाते, पण मागे बाहेर येते. तिथे हीट गन नको.

आणखी एक. काही जुन्या कोटिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घातलेलं असे. म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. खरवडून मोठमोठ्या तुकड्यांत काढा, पाण्याचा फवारा मारत रहा, चांगला मास्क लावा. शंका असेल तर तुकडा तपासून घ्या.

---

मेणबत्ती:

कोरड्या बर्फाने साफ करून देणारे असतात, तेही विचारा. उणे ७८ अंशांवरचे दाणे हवेच्या दाबाने मारतात, डांबर कडक होऊन तडकतं आणि गळून पडतं. दाण्यांचा गॅस होऊन उडून जातो, म्हणून सँडब्लास्टिंगसारखी वाळू पोकळ्यांत अडकत नाही. खालचा मूळ रंग जागेवर राहतो. गंज मात्र त्याने निघत नाही.

---

दुसरा_गिअर:

बर्फवाल्याची सोय इथे होत नाही. हातानेच खरवडतोय. रोज रात्री जेवणानंतर दीड तास. मुलगी टॉर्च धरते.

एक गोष्ट सांगायची राहिली. डाव्या बाजूला थर काढल्यावर खाली मूळ रंग निघाला, फिकट निळा, आणि त्यावर पिवळ्या खडूसारख्या कशानेतरी काढलेली एक तिरकी खूण. कारखान्यात कोणीतरी तपासताना काढली असावी. पन्नासहून जास्त वर्षं ती त्या काळ्या थराखाली होती. ती पुसायची हिंमत होत नाहीये.

---

अनुस्वार:

पुसू नका! ती तशीच ठेवा.

आणि यावरूनच माझं मत सांगते. जिथे मूळ रंग शाबूत आहे तिथे काळं काहीही नको. पारदर्शक मेण फवारा. खूण दिसत राहील, रंग दिसत राहील, आणि गंजाचा पहिला ठिपका उमटला तर तोही दिसेल. काळ्या थराखाली काय चाललंय ते तुम्हाला आता कळलंय ना, कधी कळलं? नख लावल्यावर.

---

खडीचा_रस्ता:

ताई, पारदर्शक मेणाचं म्हणणं पटतं, पण सगळीकडे नाही. माझी जुनी लँड रोव्हर खडीच्या रस्त्यावरच चालते. पहिल्या वर्षी सगळीकडे मेणच मारलं होतं. चाकांच्या कमानीत चाक दगड उडवतं, चिखल उडवतं, आणि चार महिन्यांत तिथलं मेण घासून गेलं. पत्रा उघडा पडला. आता चाकांच्या कमानीत मी दोन घटकांचं पॉलियुरेथेनचं खडबडीत कोटिंग मारतो, खाली इपॉक्सी प्रायमर, म्हणजे पत्र्याला धरून बसणारा पहिला थर. दगड आपटतो आणि उडून जातो. चेसिसच्या पोकळीत मात्र मेणच.

लँड रोव्हरवाल्यांना आणखी एक सांगतो: बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, चेसिस पोलादाची. जिथे दोन्ही एकमेकांना टेकतात आणि ओल असते तिथे अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं, पांढरी पावडर होते. तिथे दोन धातूंच्या मध्ये काहीतरी थर असायलाच हवा, नुसतं वरून फवारून भागत नाही.

---

रासायनिक:

दोघांचं बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या जागांबद्दल बोलताय. मूळ प्रश्न कशावर काय चिकटतं हा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गंज घालवायला बाजारात 'रस्ट कन्व्हर्टर' मिळतात. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं किंवा टॅनिन असतं. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोहफॉस्फेट करतं, टॅनिन त्याला निळसर काळा करतं. दोन्ही खरोखर काम करतात, पण पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ओतलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. म्हणून आधी पापुद्रे निघालेच पाहिजेत. आणि फॉस्फोरिक आम्ल जास्त झालं, न संपता पृष्ठभागावर राहिलं, तर त्यावरचा प्रायमर पुढे सुटतो. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा, हे पाऊल गाळू नका.

पत्र्यावर खड्डे पडले असतील तर त्यांच्या तळाशी क्षार बसलेले असतात. ते डोळ्याला दिसत नाहीत. दोनतीनदा गोड्या पाण्याने घासून धुऊन, प्रत्येक वेळी लगेच वाळवून मगच प्रायमर मारावा. क्षार खाली राहिले तर ते थराच्या आरपार ओल ओढून घेतात आणि फोड येतात.

उघड्या पत्र्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारा. साधा रेड ऑक्साइड घरच्या जाळीला ठीक आहे, गाडीच्या पोटाला नको, तो पाण्याची वाफ बऱ्यापैकी आत सोडतो. जस्ताचा प्रायमर वापरायचा असेल तर तो थेट स्वच्छ उघड्या पोलादालाच भिडला पाहिजे. जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं, पण त्यासाठी दोघांमध्ये विजेचा संपर्क लागतो. गंजावर किंवा जुन्या रंगावर मारलेला जस्ताचा प्रायमर म्हणजे नुसता राखाडी रंग.

आणि हवेकडे लक्ष द्या. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव होऊन बसते) निदान ३ अंश वर हवं आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. पहाटे गार पडलेल्या पत्र्यावर डोळ्याला न दिसणारं दव असतं. त्यावर मारलेला महागातला महाग प्रायमरही सोलून निघतो. दुपारी मारा.

---

स्टेपनी:

आमच्या ओळखीचे एक जण दरवर्षी जळकं इंजिन ऑइल फवारतात खालून. फुकटात होतं म्हणतात, आणि गाडी खरंच गंजलेली नाही. ते कसं?

---

रासायनिक:

तेल पाणी दूर ठेवतं, म्हणून गंजत नाही, एवढं खरं. पण वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली आम्लं आणि धातूची पूड असते, ते रबरी बुश आणि ब्रेकच्या नळ्या फुगवतं, कातडीला घातक आहे, आणि थेंबथेंब जमिनीत मुरतं. तेलाचाच मार्ग आवडत असेल तर लॅनोलिनवालं घ्या, लोकरीतून निघणारं मेण. ते पत्र्याला चिकटून राहतं, सांध्यांत रेंगाळत शिरतं, कधीच पूर्ण सुकत नाही. तोटा एवढाच की त्यावर धूळ बसते आणि दरवर्षी पुन्हा मारावं लागतं. तरी उघड्या, थोडा गंज उरलेल्या जागांसाठी माझं पहिलं नाव तेच.

---

अनुस्वार:

माझ्या हातून झालेली एक चूक लिहिते, म्हणजे इतरांची वाचेल.

तीन वर्षांपूर्वी मी माझ्या एमजीबीच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या लांब पोकळीत, मेण फवारलं. एमजीबीत सिल म्हणजे गाडीचा कणाच, छत नसलेल्या गाडीला तोच तोलून धरतो. म्हणून मी मन लावून, भरपूर मारलं. इतकं भरपूर की सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं मेणाने बुजली. मला कळलंच नाही. पावसाळ्यानंतर एकदा वळणावर गाडी वळवली तर दाराखालून पाणी डुचमळल्याचा आवाज आला. आधी वाटलं मागे बाटली पडली असेल. गाडी थांबवून कान लावला. तार घातली तेव्हा तपकिरी पाण्याची धार लागली आणि ती बराच वेळ थांबली नाही. मी उकिडवी बसून बघत राहिले. ज्या जागेला वाचवायला गेले तिथेच मी पाणी साठवून ठेवलं होतं.

सिल वाचली, कारण आत मेण होतं. पण भोकं ज्या दिवशी फवाराल त्याच्या दुसऱ्या दिवशी तारेने मोकळी करा. मग आठवड्याने पुन्हा बघा, कारण मेण हळूहळू ओघळून तिथेच येऊन बसतं.

---

दहा_अकरा:

अनुस्वार ताईंनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचा. हे कोणत्याही डब्यावर इतकं ठळक लिहिलेलं नसतं.

दुसरा_गिअर, तुमचं पत्र्याचं काम झालं असं धरून पुढचं लिहितो. मी स्वतः अशा सहा गाड्या केल्या आहेत, त्यातून जे हाताला लागलं तेच सांगतो.

गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही, स्टँड लावायचे आणि शिरण्याआधी गाडीला धक्का देऊन बघायचं. हे दर वेळी. फवारणीला बसाल तेव्हा गॅरेजमध्ये शेगडी, गीझर, ग्राइंडर, हॅलोजन दिवा काहीही चालू नको. मेणातलं आणि प्रायमरमधलं द्रावक हवेपेक्षा जड असतं, ते जमिनीलगत साचतं आणि लांबवर जाऊन पेट घेतं. बॅटरी काढलेलीच असेल.

क्रम असा: स्वच्छ पत्रा, इपॉक्सी, मग जोडांवर सीलर, मग चाकांच्या कमानीत दगड सोसणारा थर, आणि सगळ्यात शेवटी मेण. सीलर प्रायमरच्या वर लावायचा, उघड्या पत्र्यावर नाही. मेण मारल्यावर त्यावर दुसरं काही चिकटत नाही, म्हणून ते शेवटी. वेल्डिंग राहिलं असेल तर तेही मेणाआधीच. मेण भरलेल्या पोकळीजवळ वेल्डिंग केलं तर आतून आग लागते आणि बाहेरून ती दिसत नाही.

झाकायला खूप वेळ द्या. मी फवारायला दोन तास घेतो आणि झाकायला पूर्ण दिवस. ब्रेकचे ड्रम, ब्रेकच्या रबरी नळ्या, हवा काढायचे निपल, हँडब्रेकच्या केबलची टोकं, रबरी बुश, शॉकअ‍ॅब्झॉर्बरचा दांडा. तुमच्या पुढच्या एक्सलवर ग्रीसचे चार निपल आहेत, त्यांना प्रत्येकी टेपची टोपी करा, नाहीतर पुढच्या वेळी ग्रीसगन बसणार नाही. सायलेन्सर आणि हीट एक्स्चेंजर (इंजिनाच्या धुराच्या उष्णतेवर हीटरची हवा तापवणारा भाग) मोठ्या प्लास्टिकने पूर्ण गुंडाळा. तिथे मेण गेलं तर पहिल्याच फेरीत धूर निघेल, आणि बीटलमध्ये तीच हवा हीटरमधून तुमच्या मुलीच्या नाकात येईल. याच कारणासाठी हीटर चॅनलमध्ये फवारताना हवेच्या मार्गात मेण जाऊ देऊ नका. भोवतालच्या बंद पोकळीत मारा, हवा जाते ती नळी सोडा. हे काम घाईने करायचं नाही. आधी लहान कॅमेरा घालून आत काय आहे ते बघा.

मेणाचा डबा गार असेल तर फवारा थुंकल्यासारखा येतो. बादलीभर कोमट पाण्यात डबा अर्धा तास ठेवा, झाकण सैल करून. आगीवर कधीच नाही. पोकळीसाठी लांब नळी आणि तिच्या टोकाला चारही बाजूंना फवारणारं नोझल. नळी थेट टोकापर्यंत आत घाला, मग फवारा सुरू करा आणि सावकाश बाहेर ओढत या. आत ढकलत फवारलं तर नळी स्वतःच मेण पुसत जाते. दुसऱ्या टोकाच्या भोकातून धुकं बाहेर यायला लागलं की समजायचं पोचलं. जोडांमध्ये मेण ओघळताना दिसलं तर जिवाला बरं वाटतं, कारण दोन पत्र्यांच्या मधली ती कागदाएवढी फट हीच गंजाची जन्मजागा असते. पाणी तिथे आपोआप ओढलं जातं, तेव्हा मेणालाही तिथेच पोचायचं असतं.

उघड्या भागावर दोन पातळ हात. एक जाड हात मारला तर वरून साय धरते आणि आत द्रावक कोंडून राहतं. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेला वेळ पाळा.

पॉलियुरेथेन दोन घटकांचं घेणार असाल तर एक गंभीर गोष्ट. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी जडली की दमा आयुष्यभर राहू शकतो. साधा कोळशाचा मास्क त्याला पुरेसा नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर ते काम ज्यांच्याकडे तशी सोय आहे त्यांच्याकडून करून घ्या, आणि त्या दिवशी मुलीला गॅरेजच्या आसपासही नको.

---

खडीचा_रस्ता:

दादा, फार उपयोगी लिहिलंत. एक भर घालतो: ज्यांच्या गाडीला लांब प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा) आहे त्यांनी तो झाकाच. माझ्या शाफ्टवर एका बाजूला थोडंसं कोटिंग बसलं होतं, तेवढ्याने तोल गेला आणि वेग वाढवला की सगळी गाडी थरथरायची. आठ दिवस मी चाकांचाच दोष शोधत होतो.

---

मेणबत्ती:

चेसिस नंबर कोरलेला असतो तिथेही टेप. पुढे कोणी तपासायला आलं तर खरवडत बसावं लागतं.

---

दुसरा_गिअर:

मंडळी, सात आठवड्यांनी लिहितोय. काम झालं.

जुना थर निघायलाच तीन आठवडे गेले. चार बादल्या निघाल्या. हीटर चॅनल डावीकडची उत्तम, उजवीकडची जॅक लावायच्या जागेजवळ वीतभर गेली होती. तेवढा तुकडा कापून नवीन बसवला. बॅटरीखालचा पत्राही नवा. वेल्ड करणाऱ्या काकांनी जोड बाहेरून सपाट घासून लांबी (पुट्टी) भरू का विचारलं, मी नको म्हटलं. दिसू दे तो जोड. मुलीला उद्या कळायला हवं कुठे काय झालं होतं.

रासायनिक, तुमचं दवबिंदूचं वाचून मी साधा आर्द्रतामापक आणला. पहिल्या दिवशी सकाळी आकडा ९१ होता. तुम्ही लिहिलं नसतं तर मी सकाळीच मारून मोकळा झालो असतो. दुपारी तीनला ६२ वर आला तेव्हा इपॉक्सी मारला. कमानीतलं पॉलियुरेथेन बाहेरून करून घेतलं. बाकी सगळीकडे पारदर्शक मेण. बॅटरीच्या बैठकीवर आम्ल सोसणारा रंग, वर प्लास्टिकचा ट्रे आणि झाकण.

पिवळी खूण मेणाखाली आहे. ओली असल्यासारखी चमकते.

फवारताना उजव्या चॅनलमध्ये नळी टाकली आणि मुलीला दुसऱ्या टोकाला बसवलं होतं, मास्क लावून, दार सताड उघडं ठेवून. "आलं, बाबा, धूर आला!" म्हणून ती ओरडली तेव्हा कळलं पोचलं. अनुस्वार ताई, दुसऱ्या दिवशी तारेने सगळी भोकं तिनेच मोकळी केली. अकरा आहेत. तिने वहीत चित्र काढून प्रत्येकाला नंबर दिलाय.

काल जोराचा पाऊस झाला. मुद्दाम गाडी बाहेर काढली, तासभर फिरवली, आणून स्टँडवर घेतली आणि खाली जाऊन बघितलं. मेणावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे होते. दहा भोकांखाली पाणी टपकत होतं. सात नंबरचं कोरडं होतं. तार घातली, मेणाची गुठळी निघाली आणि मागून अर्धी वाटी पाणी.

---

अनुस्वार:

आठवड्याने म्हटलं होतं ना! सात नंबर कुठे येतो? मागच्या चाकाच्या पुढे का?

---

दुसरा_गिअर:

हो, उजवीकडे, नवीन तुकडा जिथे बसवलाय त्याच्या मागे. वेल्डचा एक गोळा आत राहिलाय, त्याच्यावर मेण अडतंय असं कॅमेऱ्यात दिसतंय. शनिवारी लांब कानस घालून तो घासतो आणि तेवढ्या जागेला पुन्हा इपॉक्सी आणि मेण लावतो. तोवर पाऊस आला की रोज तार.